अर्धा सूर खाली

“श्वास घ्या. भरून घ्या. अजून... हं, आता रोखा. हलू नका.”

काचेपलीकडचा धिप्पाड माणूस छाती फुगवून, डोळे घट्ट मिटून उभा होता. जणू कोणी थोबाडीत मारणार आहे आणि आपण ती मुकाट खाणार आहोत, असा चेहरा. एक्स-रेच्या बाईंनी बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं आणि गप्प झालं.

“सोडा. झालं.”

“झालं? दुखलं नाही की काही!”

“फोटो काढताना दुखत नसतं. आता बाजूला वळून एक. एकच.”

हे ‘एकच’ अर्थातच खोटं होतं. बाजूला वळून दोन काढायचे होते. पण घाबरलेल्या माणसाला खरा आकडा सांगितला की त्याची छाती धडधडायला लागते आणि फोटो हलतो, हे बाई नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या. तेव्हापासून त्या सगळ्यांना एकच सांगत, आणि तो झाला की पुन्हा एकच सांगत. आजवर कोणी तक्रार केली नव्हती.

हॉस्पिटलात त्यांना श्वासबाई म्हणत. जन्मभर दुसऱ्यांचा श्वास अडवून धरण्याचं काम केल्यावर नाव तरी दुसरं काय पडणार? महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या. धास्ती होती, पण ती निवृत्तीची नव्हती. निरोपाच्या कार्यक्रमात आपण गाणार आहोत, असं त्या स्वतःच्या तोंडाने मेट्रनला सांगून बसल्या होत्या.

मेट्रनच्या हातातला चहा तेव्हा बशीत सांडला होता. “तुम्ही? गाणार? बाई, एवढ्या वर्षांत तुम्हाला साधं गुणगुणताना ऐकलं नाही हो मी.”

“गुणगुणत नाही मी,” बाई जरा ताठ होऊन म्हणाल्या होत्या. “गाते. मूळ पट्टीत.”

मेट्रनला पट्टी म्हटलं की जखमेवरची आठवायची. तेव्हा बाईंनी समजावून सांगितलं, की मूळ गाणारीने ज्या उंचीवर गाणं म्हटलं आहे, त्याच उंचीवर आपण म्हणायचं. भल्याभल्यांना जमत नाही, मग ते खाली उतरवून घेतात. आपण नाही उतरवत. एवढं बोलताना बाईंच्या मानेला जो डौल आला, तो मेट्रनने आजवर त्यांच्या अंगावर कधी पाहिला नव्हता.

तशा बाई हॉस्पिटलात गात होत्याच, फक्त कोणाला ऐकू जात नव्हतं. पूर्वी एक्स-रेच्या फिल्मा धुवाव्या लागत. त्यासाठी आतल्या बाजूला एक अंधारखोली होती आणि दारावर लाल दिवा. तो पेटलेला असेपर्यंत खुद्द मोठ्या डॉक्टरांचीही दार उघडण्याची छाती नव्हती, कारण उजेडाची एक रेघ आत आली की सगळ्या फिल्मा काळ्याठिक्कर. एवढ्या मोठ्या गजबजलेल्या इमारतीत, जिथे दारावर टकटक न करता आत घुसायची सगळ्यांना सवय, तिथे ही एकच जागा बाईंची होती. त्या फिल्म पाण्यात सोडत आणि गायला लागत. तांबूस अंधारात हळूहळू कोणाच्या तरी बरगड्या उमटत, कोणाचं मनगट, कोणा बाळाची नखाएवढी हाडं, आणि बाईंचा आवाज ओल्या भिंतींना लागून गोल होऊन परत येई. बाहेर आल्या की पुन्हा श्वास घ्या, रोखा, सोडा.

मग नवीन यंत्रं आली. फोटो सरळ पडद्यावर दिसायला लागला. अंधारखोलीत जुन्या खाटा नेऊन टाकल्या आणि लाल दिव्याची तार कोणीतरी कापून नेली. सगळ्यांना आनंद झाला, काम निम्म्यावर आलं म्हणून. बाईंना मात्र काही दिवस आपली कसलीतरी वस्तू कुठेतरी विसरून आल्यासारखं वाटत राहिलं.

तेव्हाच त्यांना शिवणक्लासची एक खोली सापडली. म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मामांनी ती दाखवली.

हे मामा हॉस्पिटलची लिफ्ट बघायला येत. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ते काहीतरी ठोकत असत आणि तोंडाने शिट्टी चालू असे. एकदा त्या शिट्टीतला एक सूर चुकला, आणि तिथून चाललेल्या बाई नकळत तो दुरुस्त करून गेल्या. खड्ड्यातून मामांचं ग्रीस लागलेलं डोकं वर आलं. “ताई, रविवारी दुपारी काय करता?” मामांनी विचारलं. त्या काहीच करत नव्हत्या.

शिवणक्लासची ती खोली सोफे दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर होती. रविवारी शिलाई यंत्रांवर कापडं झाकून ती भिंतीकडे सरकवत. कोपऱ्यात कपडे बेतायला ठेवलेले बिनडोक्याचे पुतळे ओळीने उभे असत. त्यांच्याइतके समजूतदार श्रोते जगात नाहीत, असं मामा म्हणत, कारण ते मध्येच उठून जात नाहीत आणि पुढच्याच्या कानात कुजबुजत नाहीत. खिडक्यांना जाड पडदे होते. पडद्यांच्या फटीतून ऊन आत येई आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत राहत. भिंतीवर गाण्याचे शब्द उमटत, एकेक अक्षर रंग बदलत जाई, आणि त्या रंगाबरोबर गाणारा पुढे सरके.

तिथे एक दातांचे डॉक्टर येत. “आठवडाभर मी लोकांना आ करायला लावतो, रविवारी मी करतो,” असं ते दर वेळी सांगत आणि दर वेळी स्वतःच हसत. पतपेढीतलं एक जोडपं येई. ती दोघं फक्त युगलगीतं म्हणत आणि कोण आधी घुसलं यावरून जिना उतरेपर्यंत भांडत. पण गाताना एकमेकांकडे अशी बघत, की बाकीच्यांना नजर दुसरीकडे वळवावी लागे.

मामा स्वतः कधी गात नसत. एका जुन्या पेटीवजा यंत्रापुढे बसून ते प्रत्येकाचं गाणं लावत, आवाज जुळवत, गरज असेल तसा घुमारा वाढवत. यंत्रावर एक छोटीशी काचेची खिडकी होती, तिच्यावर काळी चिकटपट्टी लावलेली असे. “आकडे दिसायचे बंद झालेत,” मामा म्हणत. “आम्हाला काय, हाताला माहीत असतं सगळं.” कोणी गाण्याचा आग्रह केला की उत्तर ठरलेलं. “मी गायला लागलो तर बटणं कोण बघणार?”

पहिल्याच रविवारी बाईंनी आईचं आवडतं गाणं घेतलं. चांदण्यात वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं. तीन सूर लांबवत सुरू होतं, हळूहळू चढतं, आणि शेवटच्या कडव्यात एका जागी असं वर जातं की तिथे शब्द राहतच नाही, नुसता आवाज राहतो. त्या जागी मूळ गाणारी एका श्वासात सगळं आकाश ओलांडते, असं आई म्हणायची.

कराओके म्हणजे नक्की काय, असं आईने तेव्हा विचारलं होतं. ती अंथरुणाला खिळलेली होती. बाईंनी विचार करून सांगितलं, “असं समज, गाणारी पाणी प्यायला उठून गेलीय. वाजवणारे सगळे बसलेत, वाजवतायत, कोणी थांबलेलं नाही. मधली खुर्ची तेवढी रिकामी आहे. आपण जाऊन बसायचं.”

“आणि ती परत आली तर?”

“तोवर आपलं गाणं होतं ना!”

आई पुष्कळ हसली होती. मग दर रविवारी बाई घरी आल्या की चपला काढायच्या आत आतून प्रश्न येई, “लागला का गं वरचा?” आणि बाई ओरडून सांगत, “लागला!” आईने त्यांना तिथे गाताना कधी ऐकलं नाही. तिच्यासाठी तो एक शब्दच गाणं होतं.

बाईंना कोणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की त्या चार-पाच मिनिटांत त्या खरोखर कोणीतरी दुसऱ्या होतात असं काही नाही. उलट तेवढ्या वेळात त्या स्वतः असतात. एरवी दिवसभर त्या काचेमागचा एक आवाज असत. इथे कित्येक वादक, सारंगीवाला, बासरीवाला, तबल्यावरचा तो न दिसणारा माणूस, सगळे एका एक्स-रेवाल्या बाईसाठी जागा करून देत. संगीताची लाट पायाखाली येई आणि डोळे मिटले की खोली, पुतळे, खालचं सोफ्यांचं दुकान सगळं सुटून खाली राही. डोळे उघडले की पुन्हा उन्हातले कापसाचे तंतू, आणि मामा अंगठा वर करून हसत असत.

आई गेली. बाई कितीतरी महिने गाण्याकडे फिरकल्या नाहीत. पुन्हा आल्या त्या रविवारी वरच्या जागेला आवाज फाटला आणि त्या जिन्यात बसून रडल्या. पुढच्या रविवारी मात्र सूर लागला, आणि त्यानंतर दर रविवारी लागत राहिला. घरी आल्या की त्या रिकाम्या खोलीच्या दारात उभ्या राहून सांगत, “लागला.” गुडघे गेले, चष्म्याचा नंबर वाढला, केस पांढरे झाले, पण तो सूर जिथल्या तिथे होता. आईसाठी आपण एवढी एक गोष्ट धड सांभाळली, याचा त्यांना केवढा आधार होता! निरोपाच्या दिवशी गायचं ते त्यासाठीच. आपण जाण्याआधी या इमारतीने आपला आवाज एकदा तरी ऐकावा, एवढीच इच्छा होती. श्वास रोखायला सांगणारा तर सगळ्यांनी ऐकलाच होता.

मामा त्यांचं यंत्र घेऊन येणार होते. कार्यक्रमाच्या थोडं आधी त्यांचा फोन आला.

“ताई, इथे लिफ्टमध्ये माणसं अडकलीत. निघतोच आहे. पण एक करा, मी आल्याशिवाय गाऊ नका.”

“अहो, या तुम्ही निवांत. इथे भुलीचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे स्पीकर आहे म्हणतात.”

“नको, नको! स्पीकरवर नको. ताई, ऐका माझं. थांबा तुम्ही.”

बाईंना हसू आलं. मामांचा त्या यंत्रावर भारी जीव. दुसऱ्या कोणाचं वाजलं तर त्यांचा मान जातो की काय!

सभागृहात वॉर्डमधल्या सिस्टर, सफाईवाले, कागदपत्रांच्या खिडकीवरची माणसं, सगळी दाटीवाटीने बसली होती. भाषणं झाली. भुलीचे डॉक्टर बोलले तेव्हा दोघातिघांना खरोखरच पेंग आली. मेट्रनने बाईंच्या हातात फुलं आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि मग सगळे एकदम ओरडायला लागले, “गाणं! गाणं!”

बाईंनी दाराकडे पाहिलं. मामांचा पत्ता नव्हता.

“हेच ना?” भुलीच्या डॉक्टरांनी फोनवर शोधून दाखवलं. “मूळ गाण्यावरून केलेलं आहे. एकदम अस्सल.”

“मूळच हवं,” बाई म्हणाल्या.

ते तीन लांब सूर सुरू झाले, आणि बाईंना कसंतरीच झालं. ओळखीची खोली, पण कोणीतरी छत उचलून वर नेलेलं. स्पीकर वेगळा आहे म्हणून असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. पहिली ओळ घेतली. अंधारात जिना चढताना आता पायऱ्या संपल्या म्हणून पाय टाकावा आणि अजून एक असावी, तसं पहिल्याच शब्दाला झालं. आवाज ठेचकाळला. पहिलं कडवं त्यांनी कसंबसं ओढून नेलं. लोक कौतुकाने बघत होते, मेट्रनने तर डोळेच मिटून घेतले होते. शेवटचं कडवं आलं. बाईंनी श्वास घेतला, भरून घेतला, आणि त्या वर गेल्या.

तिथे काहीच नव्हतं. गळ्यातून नुसती हवा आली, आणि मग चिरकल्यासारखा एक आवाज, जो त्यांचा स्वतःचा आहे हे त्यांना क्षणभर कळलंच नाही.

गाणं थांबलं नाही. कराओके कोणासाठी थांबत नसतं. वाजवणारे वाजवतच राहिले, फोनवरची अक्षरं आपली आपण रंग बदलत पुढे गेली, आणि बाई हातात माइक घेऊन त्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या, फार प्रेमाने वाजवल्या. पडलेल्या माणसाला उठवताना जसं सगळे एकदम बोलतात तशा त्या टाळ्या होत्या आणि त्या बाईंना सहन होईनात.

दारात मामा उभे होते. खांद्याला यंत्राची पिशवी, हाताला काळं ग्रीस, धापा टाकत. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य असायला हवं होतं. ते नव्हतं. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा उभा राहतो तसे मामा उभे होते.

बाईंना सगळं कळलं.

मागच्या जिन्याजवळ, बंद पडलेल्या अंधारखोलीच्या दारापाशी त्यांनी मामांना गाठलं.

“किती?”

“ताई, आधी जरा बसा तुम्ही.”

“किती खाली घेत होतात?”

मामांनी पिशवी जमिनीवर ठेवली. “चार अर्धे सूर.”

“पहिल्यापासून?”

“छे हो! पहिल्यापासून कुठे. सुरुवातीला मूळ पट्टीतच म्हणायचात की. असा लागायचा सूर, की अंगावर काटा यायचा. तुमच्या आई गेल्या, नंतर तुम्ही जिन्यात बसून रडलात ना, त्याच्या पुढच्या रविवारी. अर्धा सूर. फक्त अर्धा. मग काही दिवसांनी दिसायला लागलं, वर जाताना तुमची मान आखडतेय, गळ्यावर शीर येतेय. अजून अर्धा. असं होत होत...”

“आणि मला कळलं नाही,” बाई म्हणाल्या. “गाढव मी. मूळ पट्टी, मूळ पट्टी करत नाचत होते.”

“नाहीच कळत, ताई. सगळी वाद्यं एकदम खाली उतरली की कसं कळणार? लिफ्टमध्ये डोळे मिटून उभे राहा, वर चाललोय का खाली, पत्ता लागत नाही. घाईत सोडली तर पोटात खड्डा पडतो. मी घाई केली नाही.”

“म्हणून ती चिकटपट्टी.”

मामा हातावरचं ग्रीस पुसत राहिले.

“मला विचारायचं होतंत.”

“विचारलं असतं तर नको म्हणाला असतात. आणि मग गाणं सोडलं असतंत.”

“ते मी ठरवलं असतं!” बाईंचा आवाज चढला. “माझा आवाज आहे तो, मामा. सोडायचा का ठेवायचा, मी ठरवलं असतं!”

“हो,” मामा खाली बघत म्हणाले. “ते चुकलंच माझं.”

घरी गेल्यावर बाई सवयीने आईच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि तोंडावर आलेला शब्द तिथेच अडकला. इतकी वर्षं दर रविवारी त्या इथे उभं राहून खोटं बोलत होत्या. भुईवर बसून त्या रडल्या. लोकांसमोर फजिती झाली याचं त्यांना दुःख होतं, पण ते वरवरचं होतं. आई गेली त्याच दिवसांत तो सूरही गेला होता, आणि त्याच्यासाठी कोणी रडलंसुद्धा नव्हतं, हे खरं दुःख होतं.

पुढच्या रविवारी त्या गेल्या नाहीत. मामांचा फोन आला नाही, आणि तो येऊ नये असं वाटत असताना बाईंचं लक्ष मात्र फोनकडेच होतं. नोकरी नसलेल्या दुपारी फार लांबलचक असतात. ऊन भिंतीवरून सावकाश सरकतं आणि त्याला कोणी हलू नका म्हणत नाही.

अशाच एका दुपारी त्यांनी मूळ गाणं लावलं. आई गेल्यापासून त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. धीरच झाला नव्हता. गाणारी तिच्या खुर्चीवर परत येऊन बसली आणि गायला लागली. किती कोवळा आवाज! या पोरीने अजून काही गमावलेलं नाही, असं बाईंना वाटलं. वाट बघण्याचं गाणं म्हणतेय, पण वाट बघणं म्हणजे काय हे तिला अजून माहीत नाही. आज ती कुठे असेल तिथे म्हातारी झाली असेल. हा सूर तिलाही लागत नसेल.

त्यांनी गाणं बंद केलं आणि नुसत्याच गायला लागल्या. खालून, अगदी आपल्या बोलण्याच्या आवाजापासून. कोणी पाहत नव्हतं. शेवटच्या कडव्याला आवाज वर गेला, जिथवर जायचा तिथवर, आणि तिथे थांबला. तिथे सूर होता. पूर्वीसारखा धारदार नव्हता, जरा जाड, कडेला किंचित कापरा. पण होता. बाई तो धरून बसल्या, श्वास संपेपर्यंत.

त्याच्या पुढच्या रविवारी त्या शिवणक्लासचा जिना चढून आत गेल्या तेव्हा दातांचे डॉक्टर गात होते. ते मध्येच थांबले नाहीत, पण त्यांनी हात हलवला. मामांनी वर पाहिलं आणि पटकन यंत्रात डोकं घातलं. आपली पाळी आल्यावर बाई उठल्या. मामांनी गाणं शोधलं, आणि अंगठा बटणावर ठेवून ते तसेच बसून राहिले. वर करायचा की खाली, त्यांना काही सुधरेना. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं.

बाईंनी माइक तोंडाजवळ आणला.

“चार खाली घ्या,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

“का हो ताई? बरं नाही का?” डॉक्टरांनी काळजीने विचारलं.

“बरी आहे. वय झालं. चार खाली.”

मामांनी नखाने काळी चिकटपट्टी सोलून काढली. खिडकीत आकडे लखलखत होते. ते कधी बंद पडलेच नव्हते. डॉक्टरांनी त्या आकड्यांकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

“मामा, माझं किती खाली असतं?”

“डॉक्टर, ताईंचं गाणं ऐका.”

पतपेढीतलं जोडपं खो-खो हसायला लागलं, आणि मग आपलंही असंच असेल हे लक्षात येऊन एकदम थांबलं.

बाई गायल्या. लाट पायाखाली आली. पडद्यांच्या फटीतलं ऊन, कापसाचे तंतू, पुतळे, सगळं सुटून खाली राहिलं, आणि त्या तांबूस अंधारात कोणाकोणाची हाडं हळूहळू उमटायला लागली, कोणाचं मनगट, कोणा बाळाची नखाएवढी बोटं, आणि सगळ्यात शेवटी आईचा हात, उशीवर पालथा पडलेला. वरची जागा आली. आई, लागला, त्या मनात म्हणाल्या. खाली उतरून लागला.

सगळे पांगल्यावर मामा तारा गुंडाळायला लागले. बाई निघाल्या नव्हत्या.

“आता तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“मी काय?”

“गाणं म्हणा.”

“अहो, मी गायला लागलो तर बटणं कोण...”

“मी. जन्मभर बटणंच दाबली आहेत. उठा तिथून.”

मामा उठले. आढेवेढे घेतले, घसा खाकरला, पुतळ्यांकडे बघून हसले. मग लाजत लाजत एका गाण्याचं नाव सांगितलं. तरुण माणसाचं, उंच आवाजाचं गाणं. म्हणजे ते त्यांच्या मनात कधीचं तयार होतं. माइक दोन्ही हातांनी धरून ते खोलीच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि तिथे ते एकदम लहान दिसायला लागले. जिना चढल्यावर धाप लागणारं वय, ग्रीस न निघालेली नखं.

“ताई, मूळ पट्टीतच ठेवा हं.”

बाईंचा अंगठा खाली घेण्याच्या बटणावर होता. त्यांनी तो एकदा दाबला. थोडा विचार केला, आणि अजून एकदा. मग डावा तळवा त्या उघड्या काचेवर ठेवला.

“मूळच आहे,” त्या म्हणाल्या.

सूर सुरू झाले. खड्ड्यात उतरून लिफ्टच्या तारेचा ताण नुसत्या कानाने ओळखणाऱ्या मामांनी मान उचलून बाईंकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. काचेमागून घाबरलेल्या माणसाकडे बघतात तशा त्या शांत बघत होत्या. मामांनी हसून माइक तोंडाजवळ नेला.

बाईंनी उजवा हात वर केला.

“श्वास घ्या,” त्या म्हणाल्या. “भरून घ्या.”

मामांनी डोळे मिटले आणि घेतला.